मुठीतला ‘ना’

एका राज्यात तडितसेन नावाचा राजा होता. नाव तडितसेन, पण प्रजा पाठीमागे त्याला तडकसेन म्हणे, आणि त्यात प्रजेची काही चूक नव्हती. राग त्याच्या नाकावर बसलेला असे. आमटीत मीठ जास्त पडले तर आचारी हद्दपार, कमी पडले तर आचाऱ्याचा भाऊ हद्दपार. संध्याकाळी राग उतरला की दोघांनाही पालखी पाठवून परत आणायचे. मनाने वाईट नव्हता हो. ऐकून घ्यायची सवय तेवढी नव्हती. समोरच्याचे वाक्य अर्धे झाले की उरलेले अर्धे हा स्वतःच पुरे करी, आणि त्यावर निकाल देऊन मोकळाही होई.

त्याची राणी केतकावती. तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण निघाले. राजाने देशोदेशी आमंत्रणे धाडली. बोलणारे हत्ती आले, तळ्यातली माणसे डोक्यावर ओली फडकी घेऊन आली, आणि सगळ्यांच्या शेवटी हिमाच्या डोंगरावरून ओरुंगा नावाची जादूगारीण आली. अंगावर धुक्याची शाल, पायांत ढगाच्या वहाणा, त्यामुळे ती चालली तरी पाऊल वाजत नव्हते. दरबार ओलांडून ती थेट सिंहासनापाशी गेली. मिटलेली मूठ तिने राजाच्या पुढ्यात धरली, तोंडभर हसली आणि म्हणाली, “ना.”

दुभाषी कंठीरवशास्त्री लगबगीने उठले. “महाराज, अर्थ सांगू?”

“‘ना’चा अर्थ सांगायला दुभाषी कशाला?” राजा म्हणाला. “ना म्हणजे ना. शेंबड्या पोरालाही कळते.”

शास्त्रीबुवा खाली बसले. शब्द तर आपल्याच भाषेतला दिसत होता, त्यात सांगायचे ते काय, असे त्यांनाही क्षणभर वाटलेच. राजाला तर सगळे लख्ख दिसत होते. मूठ मिटलेली आणि तोंडात नकार. आपल्या घरी येऊन, आपली जिलबी खाऊन, आपल्यालाच मूठ दाखवते म्हणजे काय. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही हात उडवून तो म्हणाला, “ना तर ना. चालू लागा.”

ओरुंगाचे हसू मावळले. तिने राजाच्या दोन्ही हातांकडे पाहिले, खालून पाहिले, वरून पाहिले. मग तिने आपली मूठ इतकी आवळली, इतकी आवळली की बोटांतून पाणी ठिबकले. तो ओला तळवा तिने राजासमोर उघडला, त्यावर एक फुंकर मारली आणि आली तशी निघून गेली.

त्याच घटकेला राज्यातले देणेघेणे थांबले.

थांबले म्हणजे कसे, तर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात काही जाईना. दासीने राजापुढे विडा धरला, तो खाली पडला. वैद्याने दिलेली पुडी पडली, फुलवालीने दिलेला गजरा पडला. शेजारणीने शेजारणीला विरजण दिले, वाटी दोघींच्या पायांवर, आणि दोघी एकमेकींना धांदरट म्हणून आठ दिवस बोलेनात. लोकांनी मग वस्तू जमिनीवर ठेवायची, मागे सरायचे, दुसऱ्याने येऊन उचलायची अशी रीत पाडली. बाजारात जो तो वाकलेला. लग्ने तर ठप्पच झाली, कारण वधूचा हात वराच्या हातात ठेवला की तेल लावल्यासारखा सुटे. लग्न ठरलेली मुले-मुली राजवाड्यावरून जाताना आत असे काही बघत की पहारेकरी मान खाली घालत.

राजाची गत सगळ्यांत वाईट. इतरांना निदान खाली ठेवलेले उचलता येई. राजाच्या हातात तेही ठरेना. तलवार निसटे, लगाम निसटे, घास निसटे. त्रैलोक्यात ज्याच्या रागाचा डंका, तो राजा ताटाला तोंड लावून जेवू लागला. त्यातही आमटीत मीठ जास्त आहे की कमी, हे सांगणे त्याने सोडले नव्हते.

यथाकाल राणीला मुलगी झाली. काळेभोर डोळे, दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या. राजाने पाळण्यातून तिला उचलायला हात घातला. बोटभर उचलली असेल नसेल, ती त्याच्या हातांतून सुळकन सरकली. राणीने पदर पसरून तिला झेलले म्हणून बरे. त्या दिवसापासून तो पाळण्यापाशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राही आणि लेकीला नुसता बघत राही. आपल्याच हातांची त्याला भीती बसली होती.

आता त्या राज्यात एक रीत होती. बाळाला पाळण्याखालून आणि पाळण्यावरून पाच बायकांच्या हातांतून फिरवायचे, ‘घ्या हो चंद्र, घ्या हो चांदणी’ म्हणत एकीने दुसरीला द्यायचे, आणि मग आत्याने कानात नाव सांगायचे. त्याशिवाय नाव लागत नसे. आणि वर्षाच्या आत ज्या मुलाला नाव लागले नाही त्याला वारा आपले समजे आणि घेऊन जाई. तसे तिथे कधी झाले नव्हते, कारण बारसे चुकवतो कोण. पण इथे मूल एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाणार कसे? पहिल्या महिन्यात पोर भरली-भरली दिसत होती. तिसऱ्या महिन्यात राणीला ती हलकी वाटू लागली. चौथ्या महिन्यात पांघरूण काढले की पोर गादीपासून वीतभर वर तरंगे आणि खिदळे. राणीने आपल्या शेल्याचे एक टोक तिच्या कमरेला बांधले आणि दुसरे पाळण्याच्या कडीला.

ते पाहून राजा आयुष्यात पहिल्यांदा रागावला नाही. गच्चीवर जाऊन रडला.

तो रडत असताना कठड्यावर एक धनेश पक्षी येऊन बसला. ही थोरली चोच, वर शिंगासारखा टोप. तो म्हणाला, “राजा, तुझ्या पायी माझ्या घरात रोज भांडण आहे.”

राजा म्हणाला, “तुझे मी काय केले?”

“माझी बायको अंड्यांवर बसली आहे. आमच्या रीतीप्रमाणे झाडाच्या ढोलीत बसून तिने दार लिंपून घेतले आहे, चोच मावेल एवढीच फट. मी उंबराचे फळ आणतो, चोचीतून चोचीत देतो, आणि ते खाली पडते. ती म्हणते, एवढेसे काम जमत नाही. मी सांगतो, राजाचा दोष. ती म्हणते, मग राजाला घेऊन जा आणि निस्तर. ओरुंगा कुठे राहते ते मला ठाऊक आहे. वाट तीन देशांतून जाते, आणि तिन्ही देशांच्या भाषा मला येतात.”

“मग आत्ताच निघू.”

“एक अट आहे. विचारल्याशिवाय मी कुठल्याही शब्दाचा अर्थ सांगत नाही. आमच्या कुळाचा नियम आहे.”

“त्यात काय, विचारीन की,” राजा म्हणाला. ढोलीच्या फटीशी रोज उंबरे ठेवायला त्याने दोन माणसे नेमली, राणीचा निरोप घेतला, आणि हातात काहीच ठरत नाही म्हणून रिकाम्या हातांनी, पायी निघाला. वर धनेश, खाली राजा.

जाता जाता एक महानदी लागली. तिचे पाणी खालून वर वाहत होते. काठावर एक नाव, नावेपाशी एक नावाडी बाई. राजा म्हणाला, “पलीकडे सोड.” बाईने नावेवर हात ठेवला आणि म्हणाली, “ना.”

झाले. राजाची भुवई चढली. एवढ्याशा नावेवर एवढा तोरा. तो काठावरच्या दगडावर फतकल मारून बसला. बाईने दोनदा येऊन नावेवर थाप मारली, दोनदा म्हणाली, “ना, ना.” राजाने दोनदा तोंड फिरवले. सूर्य माथ्यावर आला, कलला, बुडायला टेकला. धनेश झाडावर बसून पिसे साफ करीत होता. शेवटी भुकेने कासावीस होऊन राजा म्हणाला, “ही बया सारखी नाही-नाही का म्हणते?”

धनेश म्हणाला, “शब्दाचा अर्थ विचारतोस का?”

राजाच्या जिवावर आले. जो शब्द आपल्याला पाळण्यापासून येतो त्याचा अर्थ पाखराला विचारायचा? पण पोट ओरडत होते आणि दूर कुठेतरी शेल्याची गाठ ताणली जात होती. “विचारतो,” तो म्हणाला.

“या देशात ‘ना’ म्हणजे ‘माझे’. नाव माझीच आहे, दुसऱ्या कुणाला विचारायला नको, बैस, असे ती सकाळपासून सांगते आहे.”

राजाचे तोंड पाहण्यासारखे झाले. तो मुकाट्याने नावेत बसला. पण नाव मधोमध आली आणि पाण्यातून नदीने डोके वर काढले. तिचे केस शेवाळाचे होते. ती म्हणाली, “तीन वेळा बोलायची मुभा आहे. जे खरोखर तुझे आहे त्याला ‘ना’ म्हण. खोटे बोललास तर ते माझे.”

राजाने डोक्याला हात लावला. “मुकुट, ना.” मुकुट उडाला आणि पाण्यात गेला. वडिलांचा होता तो, त्यांच्या वडिलांचा होता.

राजाने छाती फुगवली. “राज्य, ना.” त्याच्या बोटातली राजमुद्रा गळून बुडाली. राज्य जे राबत होते त्यांचे होते.

हातात तर काहीच नव्हते. त्याने बराच विचार केला आणि मान खाली घालून म्हणाला, “ओरुंगाचे न ऐकता जो मूर्खपणा केला, तो ना. तो माझा. त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.”

नदी इतकी हसली की नाव लाटांवर चढून आपोआप पलीकडे लागली. “हा तुझा तू घेऊन जा,” ती म्हणाली. “मला नको.” नावाडी बाईने राजाच्या तोंडात एक भाजलेला मासा भरवला आणि परत फिरली.

पुढे दुसरा देश. तिथे धूम्रक नावाचा मांत्रिक एका दरीत शापित खजिना राखत बसला होता. माणकांचे ढीग, पाचूंच्या राशी, मोत्यांचे तर नुसते वाळवण घातलेले. आणि त्याभोवती माणसांचे पुतळेच पुतळे, सगळे दगडाचे, सगळ्यांच्या नजरा खजिन्यावर. राजा दरीत उतरतो तोच धूम्रक ओरडला, “ना! ना!”

हात लावू नकोस म्हणतो आहे, असेच कुणालाही वाटेल. आणि हात लावू नको म्हटले की माणूस काय करतो? आधी नीट बघून घेतो. राजाचीही मान वळू लागली होती. पण नदीकाठचा तो उपाशी दिवस त्याला आठवला. त्याने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकले आणि म्हणाला, “धनेशा, हा काय म्हणतो?”

“विचारलेस म्हणून सांगतो,” धनेश म्हणाला. त्याच्या स्वरात पहिल्यांदाच थोडा मान होता. “इथे ‘ना’ म्हणजे ‘तिकडे बघ’. मांत्रिकाचे बोट कुठे आहे ते पाहा. खजिन्याकडे जो बघेल तो दगड होईल.”

राजाने बोटांच्या फटीतून आधी मांत्रिक पाहिला, मग त्याचे बोट, मग बोटाच्या रोखाने वर. कड्याच्या कपारीत एक वाट होती आणि वाटेच्या टोकाला हिमाचा डोंगर चमकत होता. धूम्रकाने कपाळावरचा घाम पुसला. “इतकी वर्षे घसा फोडून ओरडतो आहे,” तो धनेशाला म्हणाला, “आणि वर बघणारा हा पहिला भेटला.” मग तो त्या पुतळ्यांकडे वळून त्यांच्या खांद्यांवरची धूळ झटकू लागला. कुणाकुणाला नावानेही हाक मारीत होता बिचारा.

वाट चढत चढत राजा हिमाच्या डोंगरावर पोचला. बर्फाच्या घरापुढे ओरुंगा शेकोटी घेऊन बसली होती. राजाला पाहताच तिने निखाऱ्यांत हात घातला, मूठ मिटली, त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, “ना.”

राजाने या वेळी धनेशाकडे पाहिले नाही. त्याने ओरुंगाकडेच पाहिले. “बाई,” तो म्हणाला, “तुमच्यात याचा अर्थ काय?” धनेशाने ते तिला तिच्या भाषेत सांगितले, आणि पुढचे सगळे बोलणे त्याच्याच तोंडून झाले.

ओरुंगा चकित झाली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. “अर्थ कसला? ना म्हणजे घे. आमच्यात देताना मूठ मिटून देतात, दृष्ट लागू नये म्हणून. घेणाऱ्याने हात पुढे करायचा.”

राजाने दोन्ही हात पुढे केले. मूठ उघडली आणि धगधगता निखारा राजाच्या तळव्यावर पडला. पडला तसा शापाच्या रीतीप्रमाणे निसटला आणि बर्फात चुर्र करून विझला. राजाचा हात जरासुद्धा भाजला नाही. दोघे क्षणभर त्या विझलेल्या कोळशाकडे बघत राहिले. मग ओरुंगा हसू लागली. “माझ्या शापाने तुझ्यावर उपकार केले की,” ती म्हणाली, आणि मग राजालाही हसू आवरेना.

हसणे ओसरल्यावर राजा म्हणाला, “आमच्यात ‘ना’ म्हणजे नाही. मला वाटले, तुम्ही मूठ दाखवून नाही म्हणता आहात.”

“नाही म्हणायला तोंड उघडायचे?” ओरुंगा म्हणाली. “आम्ही नाही म्हणताना ओठ मिटून घेतो. मग तू जे दोनदा ‘ना’ म्हणालास ते?”

“मी म्हणालो, नाही तर नाही.”

“मी ऐकले, घे, घे. बघते तर दोन्ही हात रिकामे. भर दरबारात माझी थट्टा केलीस असे वाटले.” ती शेकोटीतले निखारे सारत म्हणाली, “तुझ्या राणीला उन्हाळा सोसवणार नाही म्हणून न वितळणारा हिमाचा खडा आणला होता. डोंगराच्या पोटातून काढायला मला एक हिवाळा लागला. रागाने मूठ आवळली आणि तोही वितळला. फार वाईट वाटले रे मला.”

“मलाही वाटते,” राजा म्हणाला. त्याने लेकीची सगळी हकीकत सांगितली. ती कशी हलकी झाली, शेल्याला कशी बांधून ठेवली आहे. ओरुंगाने डोक्याला हात लावला. “मुलीवर माझा रोख नव्हता,” ती म्हणाली. “पण सोडलेला शाप मला परत बोलावता येत नाही. तो तुटायचा एकच मार्ग आहे. तुझ्या राज्यात, तुझ्या माणसाने, ‘ना’ म्हणत तुला काही द्यावे, आणि त्या ‘ना’चा अर्थ ‘घे’ असावा. पण कुणी शिकवून म्हटलेले चालणार नाही. तू एका शब्दाने सुचवलेस तरी मार्ग बंद.”

राजा हताश झाला. ज्या राज्यात ‘ना’ म्हणजे नाही हे शेंबड्या पोरालाही कळते, तिथे हे व्हायचे कसे?

परतीच्या वाटेवर तो तोच विचार करीत होता. आणि विचार करता करता थबकला. “धनेशा, आमच्यातही ‘ये ना’ म्हणतात. ‘बस ना’, ‘सांग ना’. त्यात नकार कुठे आहे?”

“मला काय विचारतोस? भाषा तुझी आहे.”

“कुठेच नाही. उलट आर्जव आहे. आम्ही जन्मभर बोलतो आणि मला आज ऐकू आले.” तो झपाझप चालू लागला.

राजवाड्यात पोचला तर लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची आदली संध्याकाळ होती. पोर पाळण्यावर पुरुषभर उंचीला तरंगत होती. शेला ताणून तट्ट झाला होता आणि बाई मजेत हात-पाय हलवत होत्या. खिडकीत वारा उभा होता. तो सभ्य होता, आत आला नव्हता. “महाराज,” तो म्हणाला, “उद्या सूर्य उगवला की मी हिला नेईन. माझ्याकडे हिचे हाल होणार नाहीत.”

“थांब,” राजा म्हणाला. एवढेच त्याला म्हणता आले.

तो पाळण्याशेजारी बसला, दोन्ही तळवे पसरून. कुणाला काही सांगायची सोय नव्हती. आचारी ताट घेऊन आला. राजाने आशेने विचारले, “गरम भाकरी आहे का?” आचारी म्हणाला, “ना महाराज, सकाळची आहे,” आणि भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तुकडा निसटला. कंठीरवशास्त्री आले, प्रधान आले, सगळ्यांनी काही ना काही पुढे केले आणि सगळे पडले. राजा असा भिकाऱ्यासारखा हात पसरून का बसला आहे, हे कुणाला कळेना. आणि रागवत कसा नाही, याचीच जास्त काळजी वाटत होती.

शेवटी राणी केतकावती आली. वर्षभरात ती वाळून काडी झाली होती. तिने एक लाडू त्याच्यापुढे धरला. “उपाशी आहात. घ्या ना.”

लाडू राजाच्या तळव्यावर टेकला. थांबला. लाडू एकदा डुगडुगला, आणि मग घरंगळून गेला. राणीच्या त्या ‘ना’मध्ये माया होती, आर्जव होते, पण ‘घ्या’ ती आधीच म्हणाली होती. ‘ना’च्या वाट्याला अर्धेच काम आले. वाड्यात एवढा वेळ काही टिकलेले कुणी पाहिले नव्हते. राणीने चमकून राजाकडे पाहिले. राजाने ओठ घट्ट मिटले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

रात्र सरली. पूर्वेकडे फटफटू लागले. वारा खिडकीशी जरा पुढे सरकला. शेल्याची गाठ चरचरू लागली. राजा रात्रभर तसाच बसून होता, तोंड वर, हात वर.

पोर जागी झाली. राणीने आदल्या दिवशी तिच्या कमरेच्या गाठीत खोचलेला भाकरीचा कडक तुकडा तिने आपणच ओढून काढला होता, तो अजून तिच्या मुठीत होता. लाळेने पार भिजलेला. तिने तो चोखला, जांभई दिली आणि खाली पाहिले. खाली एक ओळखीचे तोंड होते आणि दोन हात पसरलेले. हे हात एरवी नेहमी पाठीमागे असत. तिने थोडा विचार केला. तिला अजून कुठलीच भाषा येत नव्हती, आपल्या आईबापांची नाही की नदीपलीकडची नाही. देशोदेशींच्या माणसांनी वाटून घेण्याआधी जो आवाज सगळ्यांच्याच तोंडी असतो, तो तेवढा तिच्यापाशी होता. तिने आपली मिटलेली मूठ बापाकडे केली.

“ना,” ती म्हणाली.

मूठ उघडली. भाकरीचा चघळलेला तुकडा राजाच्या तळव्यावर पडला. आणि राहिला.

राजाने बोटे मिटली. तुकडा होता. ओला, चिकट, अगदी खरा. त्याने तो तोंडात टाकला आणि खाल्ला, कारण लेकीने दिलेले खायचे असते. वरून खळखळून हसू आले, आणि हसता हसता पोर जड होऊ लागली. शेला सैल पडला. ती एक हात खाली आली, दोन हात खाली आली, आणि राजाने तिला दोन्ही हातांनी घेतले. निसटली नाही. वर्षाच्या गुटगुटीत पोरीचे असते तेवढे सगळे वजन तिला होते.

राणी तिथेच खाली बसली आणि हसू लागली, रडूही लागली. शहरभर एकच गलका उठला. जमिनीवरून उचलायला वाकलेली माणसे ताठ झाली. विरजण हातातून हातात गेले, गजरे गेले, आणि ज्यांची लग्ने अडली होती त्यांनी मुहूर्तबिहूर्त न पाहता हातांत हात घातले. उंबराच्या झाडावर धनेशाने ढोलीच्या फटीतून एक फळ दिले. “जमले एकदाचे,” आतून आवाज आला.

वारा अजून खिडकीत होता. “नाव लागलेले नाही,” तो म्हणाला, “आणि सूर्य उगवतो आहे.”

मग काय धावपळ सांगावी. पाच बायका हव्या होत्या. राणी होतीच, राजाची बहीण डोळे चोळत आली, दाई आली, आचाऱ्याची बायको पिठाच्या हातांनी आली. पाचवी शोधेपर्यंत धुक्याची शाल दारात उभी. ओरुंगा डोंगरावरून निघाली होती ती पोचलीच. पोर पाळण्यावरून गेली, पाळण्याखालून गेली. “घ्या हो चंद्र,” दाई म्हणाली. “घ्या हो चांदणी,” आचाऱ्याची बायको म्हणाली. ओरुंगाची पाळी आली तेव्हा तिने पोरीला राणीपुढे धरले आणि तिच्या भाषेत म्हणाली, “ना.” राणीने हात पुढे केले. कंठीरवशास्त्री अर्थ सांगायला उठले होते, ते परत बसले. आत्याने कानात नाव सांगितले: स्वरदा. सूर्य उगवला. वाऱ्याने सभ्यपणे मान लववली आणि दारावरचे तोरण हलवून तो निघून गेला.

राजाने लेक पुन्हा घेतली ती दिवसभर सोडली नाही. दरबार तिला मांडीवर घेऊन झाला. जेवण एका हाताने झाले, आणि आमटीत मीठ मुळीच नव्हते तरी आचारी जागच्या जागी राहिला. संध्याकाळ झाली, राजाच्या दंडाला रग लागली, तो हा हात बदल, तो हात बदल करीत येरझाऱ्या घालू लागला. राणी बराच वेळ बघत होती. तिनेही लेकीला कित्येक महिन्यांत वजनासकट मनसोक्त घेतले नव्हते. ती पुढे झाली आणि तिने हात पसरले.

“आता माझ्याकडे द्या ना,” ती म्हणाली.

“ना,” राजा म्हणाला.

हे मात्र सगळ्या दरबाराला दुभाष्यावाचून कळले.